प्लेटखालचा एक मिलिमीटर

पत्र: मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी ‘संसर्ग झालेल्या इम्प्लांटपर्यंत चुंबकी नॅनोकणांनी औषध पोहोचवणे’ हा विषय घेतला आहे. योजना अशी: १० नॅनोमीटरचे लोह-ऑक्साइडचे कण तयार करायचे, त्यांवर जेंटामायसिन चढवायचे, उंदराच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमची पिन बसवून तिथे संसर्ग करायचा, शेपटीच्या शिरेतून कण सोडायचे आणि मांडीवर बाहेरून चुंबक धरायचा. हातात आठ महिने आहेत. गाइड म्हणतात, विषय चांगला आहे पण आवाक्याबाहेर जाईल. काय ठेवावे, काय सोडावे? आणखी एक. माझ्या मामांना गेल्या वर्षी बाइकच्या अपघातानंतर नडगीला प्लेट बसवली. आता तिथून पू येतो. हा उपचार त्यांना कुठे मिळेल का?

आधी मामांचे, कारण तिथे उशीर परवडणारा नाही.

चुंबकी कणांनी इम्प्लांटचा संसर्ग बरा करणारा उपचार आज कुठेही मंजूर नाही, भारतात नाही आणि परदेशातही नाही. त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर सरळ नकार द्या. खऱ्या चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’च्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

प्लेटच्या जागी पू वाहणारे छिद्र असेल आणि ते हाडापर्यंत किंवा प्लेटपर्यंत जात असेल, तर संसर्ग आहे हे तेवढ्यावरूनच पक्के धरतात. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणणे बंद करा. त्याने पू चार दिवस आटतो, संसर्ग जात नाही, आणि पुढे शस्त्रक्रियेत घेतलेल्या नमुन्यात जंतू उगवत नाहीत. ताप-थंडी नसेल, तब्येत स्थिर असेल, तर सर्जन सहसा नमुने घेण्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतात. मात्र तो निर्णय त्यांचा, घरच्यांचा नाही. छिद्राच्या तोंडाशी फिरवलेल्या स्वॉबवर विसंबू नका, त्यात कातडीवरचे जंतू येतात. प्लेटलगतचे खोलवरचे पाच नमुने, प्रत्येक वेगळ्या स्वच्छ अवजाराने घेतलेला, असे हवे. त्यांतल्या दोघांत तोच जंतू उगवला की उपचाराला दिशा मिळते. हाड जुळले असेल तर प्लेट काढून टाकतात. जुळले नसेल आणि प्लेट घट्ट असेल तर आतली साफसफाई करून प्लेट राखतात आणि हाड जुळेपर्यंत औषधांवर काढतात. प्लेट सैल असेल तर ती बदलावीच लागते. स्टॅफिलोकोकसचा संसर्ग निघाला तर कदाचित रिफाम्पिसिन (हे क्षयरोगावरचेही औषध आहे) सुचवतील. ते एकटे कधीच घ्यायचे नसते आणि जखम वाहत असताना सुरू करायचे नसते, कारण जंतू काही दिवसांत त्याला दाद देईनासे होतात. आपल्याकडे क्षयरोग तपासून घेणेही त्याआधी आवश्यक. मामांना मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, तंबाखू-सिगारेट असेल तर सोडवा. हाड जुळण्याशी दोन्हींचा थेट संबंध आहे.

आता प्रबंध.

तुमच्या योजनेतले शिरेतून कण सोडणे काढून टाका. उंदीर काढून टाका. जेंटामायसिनही बदला. उरते ते आठ महिन्यांत नीट होण्याजोगे आहे, आणि खुद्द मामांच्या पायातल्या प्लेटचा विचार केला तर जास्त उपयोगाचेही आहे. कारण चुंबक रक्तातून औषध शोधून आणत नाही. जवळ आणून सोडलेले औषध शेवटचा मिलिमीटरभर पुढे नेणे, एवढेच त्याच्याकडून प्रामाणिकपणे मागता येते.

हे आकड्यांत पाहा. ५० × ५० × २५ मिलिमीटरचा निओडिमियमचा ठोकळा, बाजारात मिळतो त्यातला चांगला, घेतला तर त्याच्या पृष्ठभागापासून १ सेंटिमीटरवर चुंबकी क्षेत्र साधारण ०.२९ टेस्ला (चुंबकी क्षेत्राचे एकक) असते आणि ते दर मीटरला सुमारे १३ टेस्ला या उताराने घटते. ५ सेंटिमीटरवर क्षेत्र ०.०४ टेस्ला आणि उतार दर मीटरला जेमतेम २ टेस्ला. कणावरची ओढ क्षेत्रापेक्षा या उतारावर आणि कणाच्या घनफळावर ठरते. १० नॅनोमीटरच्या सुट्या कणाला १ सेंटिमीटरवर जी ओढ बसते तिने तो पाण्यात सेकंदाला सुमारे २० नॅनोमीटर सरकतो. केशवाहिनीतले रक्त सेकंदाला अर्धा ते एक मिलिमीटर वाहते, म्हणजे किमान पंचवीस हजार पट वेगाने. मांडीच्या खोलीवर ओढ आणखी दहा पटींहून अधिक घटते. कण थांबणारच नाहीत. ते यकृतात आणि प्लीहेत जातील, आणि त्यांच्या गुठळ्या झाल्या असतील तर फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतील.

मग लोकांना यश कुठे आले? १९९६ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी १४ कर्करोगींवर एपिरुबिसिन हे कर्करोगाचे औषध चढवलेल्या चुंबकी द्रवाची पहिली चाचणी प्रसिद्ध केली. तिथे चुंबक गाठीला जवळजवळ चिकटून ठेवता येत होता. फिलाडेल्फियाच्या गटाने उंदरांच्या मानेच्या रोहिणीत ‘३०४’ प्रतीच्या स्टीलची स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवली आणि बाहेरून एकसारखे क्षेत्र दिले. स्टेंटच्या बारीक तारा चुंबकित झाल्या आणि तारेलगतच प्रचंड उतार तयार झाला. जर्मनीत हॅनोवरच्या संशोधकांनी हेच हाडांच्या संसर्गाकडे वळवले, पण त्यासाठी इम्प्लांटच फेरिटिक स्टीलचे, म्हणजे चुंबकाला चिकटणारे, घेतले. इथेच गोम आहे. माणसाच्या पायात बसते ती प्लेट टायटॅनियमची किंवा ३१६एल स्टीलची, आणि गुडघ्याच्या सांध्यात कोबाल्ट-क्रोम. यांतले काहीच चुंबकाला चिकटत नाही, आणि चिकटू नये अशीच अपेक्षा असते, नाहीतर त्या रुग्णाचा एमआरआय धोक्याचा ठरेल. तुमची पिन टायटॅनियमची आहे. ती कणांना बोलावणार नाही.

पण टायटॅनियम क्षेत्राला अडवतही नाही, आणि तुमचा प्रबंध इथूनच सुरू व्हायला हवा. नडगीच्या आतल्या बाजूला हात लावून पाहा: कातडी आणि हाड, मध्ये फारसे काही नाही. त्या बाजूला बसवलेली प्लेट कातडीपासून सेंटिमीटरभरातच असते. संसर्ग झाल्यावर सर्जन जखम उघडतात, प्लेटची वरची बाजू घासून काढतात, कित्येक लिटर सलाईनने धुतात. प्लेटची हाडाकडची बाजू मात्र झाकलेलीच राहते. तिथे ब्रश पोहोचत नाही, आणि प्लेट हलवावी तर न जुळलेले हाड हलते. त्या फटीत स्क्रूच्या रिकाम्या छिद्रातून कण सोडले आणि चुंबक प्लेटच्याच बाजूला, कातडीवरून धरला, तर कण चुंबकाकडे ओढले जाऊन प्लेटच्या खालच्या अंगाला, नेमके बायोफिल्मवर (जंतूंनी पृष्ठभागावर धरलेल्या चिकट थरावर), येऊन बसतील. दिशा नीट लक्षात ठेवा. चुंबक त्याच जागी ठेवून कण प्लेटच्या वर सोडले तर ते प्लेटपासून दूर, कातडीकडे जातील. पुष्कळ शोधनिबंधांतल्या आकृत्यांत चुंबक, इम्प्लांट आणि कण यांचा हा क्रम दाखवलेलाच नसतो. तुमच्या पहिल्याच आकृतीत तो बाणासकट दाखवा.

या कामाला १० नॅनोमीटरचे सुटे कण चालणार नाहीत. एक मिलिमीटर कापायला त्यांना बारा-चौदा तास लागतील. अनेक कण सिलिकात एकत्र बांधलेले १०० नॅनोमीटरचे पुंजके तेच अंतर अर्ध्या तासाच्या आसपास कापतात, २०० नॅनोमीटरचे आठ-दहा मिनिटांत. मग मोठेच का नको? कारण फार मोठे पुंजके बायोफिल्मच्या जाळीत शिरत नाहीत, वर थर करून बसतात. १२० ते १५० नॅनोमीटर हे लक्ष्य ठेवा आणि चुंबकाची वेळ ३० मिनिटे धरा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर अर्धा तास मिळू शकतो, चौदा तास नाही.

कण तयार करताना १०० मिली पाण्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडा. त्यात फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट ०.९९ ग्रॅम आणि फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट २.७० ग्रॅम विरघळवा. म्हणजे फेरस-फेरिक प्रमाण १:२ बसते. ७० अंशांवर, नायट्रोजन चालूच ठेवून, २५ टक्के अमोनिया १० मिली एका दमात घाला. हिशेबाने ३ मिली पुरतो, जादा घेतल्याने पीएच घसरत नाही. द्रव क्षणात काळा व्हायला हवा. तांबूस-तपकिरी झाला तर फेरस आधीच हवेने बिघडले होते: बाटली उघडून बघा, मीठ फिकट हिरवे हवे, पिवळट झालेले फेकून द्या. ढवळायला वरून चालणारा पंख्याचा स्टरर घ्या. मॅग्नेटिक स्टरर वापरला तर अर्धा माल आत फिरणाऱ्या चुंबकी बीडलाच चिकटून काळी दाढी उगवते, आणि सुरुवातीला सगळ्यांच्या हातून हे होते. अर्ध्या तासानंतर सायट्रिक ॲसिड अर्धा ग्रॅम थोड्या पाण्यात विरघळवून घाला आणि ८० अंशांवर तासभर ठेवा. थंड झाल्यावर धुवायला घ्याल तेव्हा कण चुंबकाकडे यायला टाळाटाळ करतील, कारण सायट्रेटमुळे ते आता पाण्यात सुखाने तरंगतात. थोडे ॲसिटोन घातले की ते गोळा होतात. तीन-चारदा धुवा. हिशेबाने जास्तीत जास्त १.१६ ग्रॅम माल निघेल; धुण्यात काही जाईल, तरी प्रबंधभर पुरेल.

सिलिकाच्या थरासाठी ५० मिग्रॅ कण ८० मिली इथेनॉल आणि २० मिली पाण्यात अर्धा तास सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हलवा), २ मिली अमोनिया घाला, आणि टीईओएस (ज्यापासून सिलिका तयार होते ते द्रव) ०.२ मिली, थोड्या इथेनॉलमध्ये मिसळून, तासाभरात थेंब थेंब सोडा. रात्रभर ढवळत ठेवा. सगळे टीईओएस एकदम ओतले तर लोखंड नसलेल्या सिलिकाच्या पांढऱ्या गोळ्या वेगळ्याच तयार होतात. डीएलएसमध्ये (प्रकाशाने कणांचा आकार मोजताना) त्या तुमच्या कणांसारख्याच दिसतात, औषधही धरतात, पण चुंबकाकडे येत नाहीत. म्हणून प्रत्येक बॅच चुंबकावर पाच वेळा बसवा आणि वरचे दुधट पाणी टाकून द्या. वर दिलेल्या मापात लोह-ऑक्साइड आणि सिलिका वजनाने निम्मे-निम्मे होतात, त्यामुळे आधी ग्रॅममागे ६० ईएमयू (चुंबकत्वाचे एकक) असलेले चुंबकत्व थरानंतर ३० च्या आसपास येईल. हे अपयश नाही. आत चुंबकी नसलेले वजन आले एवढेच. व्हीएसएमचा (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा मात्र द्या, आणि टीईएमची (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) चित्रेही. ही यंत्रे कॉलेजात नसतील तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या केंद्रात नमुने पाठवावे लागतात. रांग असते, पहिली बॅच झाली की लगेच नोंदणी करा.

औषध व्हँकोमायसिन घ्या. जेंटामायसिन अतिनील प्रकाश शोषत नाही, मोजायचे तर दर वेळी ओपीए किंवा निनहायड्रिनशी अभिक्रिया करून घ्यावी लागते. त्यात दोन महिने जातात. व्हँकोमायसिन २८० नॅनोमीटरला सरळ वाचता येते. शिवाय इम्प्लांटवरचे मुख्य गुन्हेगार स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि एपिडर्मिडिस, आणि त्या दोघांवर ते चालते. १० मिग्रॅ कण ५ मिली द्रावणात, औषध मिलीमागे २ मिग्रॅ, पीएच ६ चा कमी क्षाराचा बफर, ४ अंशांवर रात्रभर फिरते ठेवा. पीबीएस (फॉस्फेट आणि मिठाचा नेहमीचा बफर) वापरू नका. त्यातले क्षार कणांवरचा विद्युतभार झाकतात आणि कण एकमेकांना चिकटतात, वर औषधाची पकडही सुटते. एक मिग्रॅ कणांमागे ५० मायक्रोग्रॅम औषध बसले तरी पुरे.

हे मोजताना मोठी फसगत होते. चुंबक लावून वरचे पाणी घेतले तरी अगदी बारीक कण त्यात राहतात, आणि लोह-ऑक्साइडही २८० ला शोषते. औषध सुटले असे वाटते, ते लोखंड असते. चुंबकानंतर ३० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरमधून गाळा, औषध न चढवलेल्या कणांचे पाणी तसेच गाळून ब्लँक धरा, आणि फिल्टरच औषध धरून ठेवतो का हे माहीत असलेल्या द्रावणाने एकदा तपासा. डायलिसिस पिशवी वापरणार असाल तर सुटे औषधही त्याच पिशवीत घालून सोडा. तेही चार तास घेत असेल तर तुम्ही पिशवी मोजत आहात, कण नव्हे.

या सगळ्यात एक आकडा सर्वांत मोलाचा: शरीराएवढ्या क्षारात, ३७ अंशांवर, पहिल्या ३० मिनिटांत किती टक्के औषध सुटले? चुंबकाने कण न्यायचे तेवढ्यातच औषध वाटेत सांडले तर उरलेले काम म्हणजे रिकाम्या कणांची ने-आण. २० टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. नुसत्या विद्युतभाराने चिकटलेले औषध बहुधा याहून लवकर सुटेल, म्हणून बाहेरून अल्जिनेटचा पातळ थर देऊन पाहा. तो ऋणभारित आहे, व्हँकोमायसिनला धरतो. ‘७२ तास संथ विमोचन’ या सुंदर वक्ररेषेपेक्षा हा एक आकडा परीक्षकांपुढे जास्त बोलेल.

आता मांडणी, म्हणजे प्लेटखालची फट काचेवर उभी करायची. टायटॅनियम मिश्रधातूच्या (सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम) १० मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या डिस्क घ्या. सगळ्या १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सारख्या घासा, कारण खरखरीतपणा बदलला की बायोफिल्म बदलते. ॲसिटोन आणि इथेनॉलमध्ये सोनिकेट करून ऑटोक्लेव्ह करा. ३५ मिमीच्या पेट्री डिशच्या तळाशी १ मिमी जाडीची, आत ८ मिमीचे भोक असलेली सिलिकॉनची चकती ठेवा. तिला समोरासमोर दोन बारीक खाचा पाडा. तिच्यावर डिस्क पालथी, बायोफिल्म खाली. झाली ५० मायक्रोलिटरची फट. एका खाचेतून २७ नंबरच्या सुईने कणांचे द्रावण सोडा, दुसऱ्या खाचेतून हवा बाहेर पडू द्या. डिश थोडी कलती धरा, नाहीतर बुडबुडा नेमका मधोमध अडकतो आणि तेवढ्या भागातले जंतू खुशाल राहतात. बाजूला ओला फिल्टर पेपर ठेवा, फट सुकायला नको. डिशची उंची सुमारे १० मिमी असते, म्हणून झाकणावर चुंबक आला की डिस्कचे खालचे अंग ८-९ मिमीवर पडते. नडगीच्या प्लेटला हे बऱ्यापैकी जुळते. ठोकळ्याचे वजन ४७० ग्रॅमच्या आसपास भरते, त्याचा भार झाकणावर न टाकता तो झाकणालगत ॲक्रिलिकच्या स्टँडवर ठेवा. असे दोन ठोकळे एका टेबलावर मोकळे ठेवू नका, बोट मध्ये सापडले तर हाड मोडते. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला त्या खोलीत येऊ देऊ नका. बिनचुंबकाच्या डिश किमान हातभर लांब ठेवा.

बायोफिल्म वरच्या पृष्ठभागावर, चुंबक खालून, अशी नेहमीची मांडणी टाळायला सांगतोय त्यामागे कारण आहे. तिथे २४ तासांत कण गुरुत्वानेच खाली बसतात. चुंबक असो वा नसो, निकाल सारखाच येतो, किंवा फरक दिसला तरी कोणामुळे ते सांगता येत नाही. पालथ्या डिस्कमध्ये गुरुत्व कणांना दूर नेते आणि चुंबक जवळ. जे वर पोहोचले ते चुंबकानेच नेले.

जंतूंसाठी प्रमाणित स्ट्रेन घ्या; पुण्याच्या एनसीएलमधील (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या जंतुसंग्रहांकडून मिळतात. बीएसएल-२ ची (जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची) सोय आणि परवानगी असल्याशिवाय हात घालू नका, आणि पहिल्या प्रबंधात एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) नको. ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये अर्धा टक्का ग्लुकोज, मिलीमागे दहा लाख जंतू, ३७ अंश, ४८ तास, २४ तासांनी ब्रॉथ बदलून. मग तीनदा हलकेच धुऊन डिस्क पालथी करा. मिलीमागे २ मिग्रॅ कण म्हणजे फटीत ०.१ मिग्रॅ कण आणि ५ मायक्रोग्रॅम औषध; सरासरी मिलीमागे १०० मायक्रोग्रॅम. हेच कण डिस्कलगतच्या ५० मायक्रॉनच्या थरात गोळा झाले तर घनता वीस पट होते. निम्मेच पोहोचले तरी तिथे मिलीमागे १००० मायक्रोग्रॅमपर्यंत जाता येते. तरंगत्या स्टॅफिलोकोकस ऑरियसला १-२ मायक्रोग्रॅम पुरतात, पण बायोफिल्मला शेकडो ते हजार पट लागू शकतात, आणि रक्तात २० च्या वर सतत ठेवले की मूत्रपिंडाला धोका. तुमच्या विषयाचे सगळे प्रयोजन या तीन आकड्यांमध्ये आहे.

गट मात्र कमी करू नका. उपचार नाही, रिकामे कण, चुंबकासह आणि चुंबकाविना, औषधी कण, चुंबकासह आणि चुंबकाविना, सुटे व्हँकोमायसिन मिलीमागे १०० मायक्रोग्रॅम, चुंबकासह आणि चुंबकाविना. आणि आठवा गट, जो बहुतेक जण टाळतात: सुटे व्हँकोमायसिन मिलीमागे १००० मायक्रोग्रॅम. सर्जन आजही जखमेत एक-दोन ग्रॅम व्हँकोमायसिनची पूड टाकतात, खर्च नगण्य. तुमचे कण त्या साध्या पुडीपेक्षा सरस नसतील तर ते कळायला हवे, आणि तसे निघाले तरी प्रबंध खराच ठरतो. रिकाम्या कणांचा गटही शोभेचा नाही. लोह हे जंतूंचे खाद्य आहे. कणांतून लोह झिरपत असेल तर जंतू वाढलेले दिसतील. गाळलेल्या पाण्यातले विरघळलेले लोह फेनॅन्थ्रोलिनने ५१० नॅनोमीटरला मोजा.

मोजणी फक्त कॉलनींची (जिवंत जंतूंपासून उगवलेल्या ठिपक्यांची) करा. क्रिस्टल व्हायोलेट मेलेले-जिवंत सगळे रंगवते आणि कणांचा तपकिरी रंग त्यात मिसळतो. एमटीटी या रंग-चाचणीतही रंग मिसळण्याची अडचण. डिस्क ५ मिली सलाईनमध्ये घालून ३० सेकंद व्हॉर्टेक्स (जोराने घुसळणे), ४० किलोहर्ट्झच्या सोनिकेशन बाथमध्ये ५ मिनिटे, पुन्हा व्हॉर्टेक्स. बाथचे पाणी गरम होऊ देऊ नका. १०० मायक्रोलिटर पसरलेत तर एक कॉलनी म्हणजे डिस्कवर ५० जंतू; याखालचे ‘शून्य’ लिहू नका, ‘५० पेक्षा कमी’ लिहा. मग सगळ्यात अवघड जागा: औषध धरलेले कण जंतूंबरोबर ॲगरवर (जंतू उगवायच्या थरावर) जातात आणि तिथेही मारत राहतात. निकाल हवा त्याहून छान दिसतो. चुंबकाने ते काढू जाल तर कणांना चिकटलेले जिवंत जंतूही निघून जातात, निकाल आणखीच छान दिसतो. उपाय असा की उपचार न झालेल्या डिस्कच्या जंतूंत पसरण्याच्या क्षणी तेवढेच औषधी कण मिसळून तपासणीची एक ॲगर प्लेट करा. तिथे कॉलनी घटल्या तर आणखी सौम्य करून पसरा.

एका दिवशीच्या तीन डिस्क म्हणजे एकच प्रयोग. वेगळ्या दिवशी, नव्या कल्चरने तीनदा करा आणि संख्या तीन लिहा, नऊ नाही. पहिले तीन महिने कणांना, दीड महिना औषधाला, पुढचे अडीच महिने डिस्कना, उरलेला एक लेखनाला. उंदरांसाठी संस्थेच्या प्राणी नीती समितीची परवानगी लागते, त्यातच तुमचा सगळा वेळ सरला असता.

गाइडना शीर्षक असे दाखवा: ‘टायटॅनियम प्लेटच्या हाडाकडील पृष्ठभागावरील स्टॅफिलोकोकसच्या बायोफिल्मवर, स्थानिक सोडलेल्या आणि चुंबकाने ओढलेल्या व्हँकोमायसिन-धारक कणांचा परिणाम: प्रयोगशाळेतील अभ्यास’. लांब आहे, पण त्यात न होणारे असे काही नाही. टायटॅनियमच्या डिस्क कापून मिळायला सर्वांत जास्त दिवस लागतात. शीर्षक मंजूर व्हायची वाट न पाहता ती ऑर्डर याच आठवड्यात द्या, आणि शंभर मागवा.